छेद लहान, म्हणून भूल लहान नसते

गेल्या दोन महिन्यांत हृदयाच्या झडपेबद्दल इतकी पत्रं आली आहेत की या वेळचं पूर्ण सदर त्यांनाच देते. नाशिकमध्ये बावीस वर्षं मी हृदयाच्या ऑपरेशनसाठी भूल देते आहे. झडप बदलायची म्हणजे छातीचं हाड कापायचं, हे मी शिकत होते तेव्हा गृहीतच होतं. आता जांघेतून झडप बसते, बरगड्यांच्या फटीतून बसते. छेद लहान झाला तशी भूलही किरकोळ झाली असेल, असं लोकांना वाटतं. निम्म्या पत्रांच्या मुळाशी हाच समज आहे. प्रत्यक्षात छेद जितका लहान, तितकं माझं काम वाढतं. का, ते उत्तरांतून येईलच.

प्रश्न: मॅडम, माझे वडील 76 वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी ते बागेत चक्कर येऊन पडले. इकोमध्ये महाधमनीची झडप फार अरुंद झाल्याचं निघालं. जांघेतून नवी झडप बसवायची, ज्याला टावी म्हणतात, असं ठरलंय. डॉक्टर म्हणतात पूर्ण भूल लागणार नाही, गुंगीवर होईल. चुलते म्हणतात, हृदयाचं काम जागेपणी कसं सहन होईल, पूर्ण भूलच घ्या. आणि धाकटा भाऊ विचारतो, पूर्ण भूल द्यायची नाही तर भूलतज्ज्ञाची वेगळी फी कशाला?

उत्तर: दादा, आधी त्या चक्करेबद्दल. झडप अरुंद असताना काम करता करता शुद्ध हरपणं हा उशिराचा इशारा असतो. ‘एवढा माल निघू दे, मग बघू’ असं म्हणून हे मार्चवर ढकलू नका. हंगामासाठी थांबायचं ठरवलेला एखादा बागायतदार मला दरवर्षी भेटतो. त्यातले सगळेच मार्चपर्यंत पोचत नाहीत.

आता भुलीचं. तुमच्या बागेतलंच उदाहरण घेते. विहिरीवर मोटार चालू आहे, पण मेन लाइनचा कॉक पाऊणभर बंद आहे. मोटार जोर लावते, तापते, पण कॉकमधून जायचं तेवढंच पाणी जातं. अशा वेळी पुढचे सगळे व्हॉल्व्ह कोणी एकदम उघडले तर लाइनमधलं प्रेशर बसतं आणि शेवटच्या ओळीतल्या झाडांपर्यंत थेंबही जात नाही. वडिलांच्या शरीरात तो कॉक म्हणजे ही झडप. निरोगी माणसाची ही झडप साधारण 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते. ती 1 चौरस सेंटिमीटरच्या आत आली की आजार गंभीर समजतात. भुलीची बहुतेक औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणजे पुढचे व्हॉल्व्ह उघडतात. शिवाय हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या धमन्या या झडपेच्या लगेच पुढूनच निघतात. प्रेशर बसलं की मोटारच उपाशी राहते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते शिकाऊ असताना. मुंबईत खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींना मी भूल देत होते. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर खरखर ऐकू आली होती. वयामुळे असेल म्हणून मी ती मनावर घेतली नाही, आणि औषध नेहमीच्या वेगाने दिलं. दीड-दोन मिनिटांत वरचा रक्तदाब 60 वर आला. माझ्या सरांनी मला बाजूला करून रक्तवाहिन्या आवळणारं औषध दिलं आणि आजी सावरल्या. दुसऱ्या दिवशीच्या इकोत झडप जेमतेम उघडत होती. तेव्हापासून रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना मला त्या आजी आठवतात.

तेव्हा तुमच्या चुलत्यांचा प्रश्न मी थोडा फिरवून मांडते. पूर्ण भूल की गुंगी, यापेक्षा त्या तासा-दीड तासात रक्तदाब आणि नाडी कोण धरून ठेवणार, हे महत्त्वाचं. जांघेतून होणाऱ्या टावीसाठी दोन्ही पद्धती चालतात. जर्मनीत 447 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. सोल्व्ह-टावी नावाचा हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू, लकवा, हृदयविकाराचा झटका, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाची इजा हे सगळं एकत्र धरलं तर 30 दिवसांनंतर दोन्ही गट बरोबरीचे होते. गुंगीवाल्या गटाला रक्तदाब चढवणारी औषधं मात्र कमी लागली. म्हणून ज्याला सपाट झोपता येतं, सांगितलेलं समजतं, ज्याच्या जांघेतल्या धमन्या चांगल्या आहेत, त्याला मीही गुंगीच देते.

वडिलांना काय जाणवेल ते सांगते. जांघेत बधिरतेचं इंजेक्शन, ते थोडं झोंबतं. मनगटातल्या धमनीत बारीक नळी, म्हणजे रक्तदाब ठोक्या-ठोक्याला पडद्यावर दिसतो. नाकाशी ऑक्सिजन, आणि श्वास नीट चाललाय का हे दाखवणारी एक बारीक नळी. माझ्या एका पंपावर गुंगीचं औषध असतं, बहुतेक वेळा डेक्समेडिटोमिडीन, आणि शेजारच्या पंपावर रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रेनलिन तयार. पहिल्या औषधाने नाडी मंदावते, त्यामुळे ज्यांच्या ईसीजीत आधीच ब्लॉक, म्हणजे ठोक्याच्या विद्युत संदेशात अडथळा, आहे त्यांना ते फार जपून देते.

मग ते पंधरा सेकंद येतात. घडी घातलेली नवी झडप फुग्यावर बसवून जुन्या झडपेत नेलेली असते. फुगा फुगवताना हृदयाचा जोराचा ठोका पडला तर ती सरकू शकते. म्हणून तात्पुरत्या पेसमेकरच्या तारेने हृदयाचे ठोके मिनिटाला 180 ते 200 करतात. इतक्या वेगात हृदय भरतच नाही, नुसतं थरथरतं. पडद्यावरची रक्तदाबाची लाल रेघ जवळजवळ आडवी होते. त्याआधी मी रक्तदाब थोडा चढवून ठेवते, कारण खाली जायचं ते उंचावरून जावं. काही झडपा फुग्याशिवाय स्वतःच उमलतात. त्यांना एवढं पेसिंग लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात दिंडोरीकडचे एक आजोबा टेबलावर होते. आदल्या संध्याकाळी मी त्यांना बागेबद्दल विचारून ठेवलं होतं, थॉमसन लावलीय की सोनाका. टेबलावर आम्ही तेच बोलत होतो. पेसिंगच्या आधी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आजोबा, आता छातीत खूप धडधडेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. पंधरा सेकंद. मी इथेच आहे." त्यांचा हात माझ्या हातात होता. लाल रेघ खाली गेली तशी त्यांची पकड सुटली. फुगा फुगला, बसला, पेसिंग बंद झालं. रेघ वर यायला चार-पाच ठोके लागले, आणि ती रेघ नीट वाचायच्या आधीच त्यांची बोटं माझ्या बोटांभोवती पुन्हा आवळली गेली. मी त्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले, गावाचं नाव विचारलं. झडपेचा चुना सुटून मेंदूत गेला तर लकवा होऊ शकतो. माणूस बोलत असेल तर ते तिथल्या तिथे कळतं. गुंगीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हा.

पूर्ण भूल कधी? धाप लागून सपाट झोपता येत नसेल, जांघेतल्या धमन्या खराब असल्याने दुसरा मार्ग घ्यावा लागणार असेल, अन्ननलिकेतून सोनोग्राफी सतत लागणार असेल, किंवा घशात नळी घालणं अवघड जाईल असा जबडा-मान असेल तर. शेवटच्या प्रकारात ऐन गडबडीत नळी घालत बसण्यापेक्षा आधीच शांतपणे घातलेली बरी.

धाकट्या भावाला सांगा, गुंगीच्या केसमध्येही सगळं सामान पूर्ण भुलीचं मांडलेलं असतं. धमनी फाटली, हृदयाभोवती रक्त जमलं, ठोके थांबले, तर पूर्ण भुलीवर जायला मिनिटभर मिळतं. असं क्वचित होतं. पण त्या मिनिटासाठी कोणी तरी सुरुवातीपासून डोक्याशी उभं असावं लागतं.

प्रश्न: मी सिन्नरहून लिहिते. माझी वहिनी 34 वर्षांची. लहानपणी तिचे सांधे सुजायचे. आता मिट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, खराब झाली आहे. उजव्या बाजूने, स्तनाखाली छोटा छेद घेऊन झडप बदलू असं सर्जन म्हणतात. पण ऑपरेशनमध्ये एक फुप्फुस बंद करतात हे ऐकून घरात सगळ्यांनी धसका घेतलाय. हे खरं आहे का?

उत्तर: ताई, खरं आहे, आणि धसका घेण्यासारखं नाही. सांधे सुजणं, म्हणजे संधिवाताचा ताप, घशातल्या जंतूंमुळे येतो आणि पुढे अनेक वर्षांनी झडप खातो. आपल्याकडच्या तरुण बायकांमध्ये मिट्रल झडप बिघडण्याचं हे नेहमीचं कारण. दर 21 दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर झडप बदलल्यावर ते आपल्या मनाने बंद करू नका.

इथे पूर्ण भूलच लागते, गुंगीचा प्रश्नच नाही. छेद पाच-सात सेंटिमीटरचा, बरगड्यांच्या मधून. तिथून हृदयाकडे बघायला गेलं तर वाटेत उजवं फुप्फुस फुगत-बसत असतं. म्हणून मी श्वासनलिकेत दोन कप्प्यांची नळी घालते, एक कप्पा डाव्या फुप्फुसाचा, एक उजव्याचा. बारीक दुर्बीण आत घालून ती बरोबर जागी बसली का ते बघते. मग उजवा कप्पा बंद केला की ते फुप्फुस हळूहळू आक्रसतं आणि वाट मोकळी होते. घरच्यांना वाटतं की वहिनी तासन्‌तास एका फुप्फुसावर राहणार. तसं नसतं. हार्ट-लंग मशीन सुरू झालं की रक्तात ऑक्सिजन मिसळायचं काम ते मशीन करतं, तेव्हा दोन्ही फुप्फुसं स्वस्थ असतात. एका फुप्फुसावरचा काळ म्हणजे मशीन लागण्याआधीचा थोडा वेळ आणि मशीन सुटल्यावरचा. मशीन सुटल्यावरचा वेळ मला जास्त जपावा लागतो, कारण दमलेलं हृदय आणि सुस्तावलेलं फुप्फुस दोघांनाही एकदम कामाला लावायचं असतं.

छाती पूर्ण उघडी असती तर सर्जनला हृदय डोळ्यांनी दिसलं असतं, हाताने चाचपता आलं असतं. आता ते डोळे म्हणजे अन्ननलिकेत उतरवलेली माझी सोनोग्राफीची नळी. मशीनच्या नळ्या जांघेतून वर जातात, त्या बरोबर ठिकाणी पोचल्या का ते मी बघून सांगते. बहुतेकदा मानेच्या शिरेतली एक नळी मीच घालते. हृदयाला शॉक द्यायची वेळ आली तर एवढ्या छेदातून पॅडल आत जात नाहीत, म्हणून छातीला आणि पाठीला चिकटपट्ट्या भूल दिल्यावर लगेच लावून ठेवते. कपाळावर आणि पायाच्या पोटरीवर ऑक्सिजन मोजणाऱ्या पट्ट्या असतात, कारण जांघेतल्या नळीमुळे त्या पायाचं रक्त अडू शकतं. रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून हेपॅरिन देते, आणि गोठण्याचा वेळ 480 सेकंदांच्या पुढे गेल्याशिवाय मशीन सुरू करू देत नाही. झडप बसल्यावर हृदयात अडकलेले हवेचे बुडबुडे शोधायचे असतात. पडद्यावर ते थंडीतल्या धुक्यासारखे पांढरे दिसतात. धुकं विरल्याचं मी सांगेपर्यंत सर्जन थांबतात.

दुखण्याबद्दल खरं सांगते. हाड कापलेलं नसतं म्हणून महिन्याभरात माणूस पुष्कळ मोकळा होतो, पण पहिले एक-दोन दिवस बरगड्या चांगल्याच दुखतात. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, खोकत नाही म्हणून कफ साचतो. त्यासाठी बरगडीच्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, आम्ही देतो. "मला ब्लॉक मिळणार आहे का?" असं वहिनींना आधीच विचारायला सांगा.

आणि एक काम तुम्ही करा. वहिनींना लहानपणी टीबी किंवा छातीत पाणी झालं होतं का, हे त्यांच्या माहेरी विचारा. सासरच्यांना हे बहुतेक माहीत नसतं. तसं असेल तर उजवं फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं आणि ते आक्रसतच नाही. अशा वेळी सर्जन छाती मधोमध उघडू म्हणाले तर त्याला तयार व्हा. मधल्या छेदाने होणारं ऑपरेशन दुय्यम नाही, कितीतरी रुग्णांना तेच जास्त सुरक्षित असतं.

कोणती झडप, धातू-कार्बनची की जैविक, हे भुलीच्या टेबलावर ठरत नाही. मूल हवं असेल तर ते आधी बोला, कारण कार्बनच्या झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते आणि गरोदरपणात ती गोळी अडचणीची ठरते.

प्रश्न: आम्ही पंचवटीत राहतो. घरात वारीची परंपरा आहे. आईला बसवायची झडप गाईच्या शरीरातल्या आवरणापासून बनते असं कळलं. आईला हे सांगावं का? सांगितलं तर ती नको म्हणेल अशी भीती वाटते.

उत्तर: सांगा. टावीच्या झडपा गाय किंवा डुकराच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून बनतात, हे खरं आहे. सही आईची आहे, शरीर आईचं आहे. मागे एका घरात हे लपवलं होतं. नंतर त्या माउलींना दुसऱ्याच कोणाकडून कळलं आणि त्यांनी मुलाशी कितीतरी दिवस बोलणं टाकलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. माझा अनुभव असा की शांतपणे समजावलं तर बहुतेक जण आपल्या मनाशी वाट काढतात. कोणी महाराजांना विचारतं, कोणी रात्रभर हरिपाठ म्हणून सकाळी होकार देतं. आणि नकार आलाच तर तोही ऐकून घ्यायचा, मग दुसऱ्या कोणत्या मार्गाने काय होऊ शकतं ते डॉक्टरांशी बोलायचं.

प्रश्न: ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आहे. माझ्या मोठ्या भावाला हृदयाच्या ऑपरेशननंतर दोन दिवस भ्रम झाला होता. आता बायकोची झडप बदलायची आहे. भुलीने डोकं बिघडतं का?

उत्तर: काका, म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस भ्रम होऊ शकतो, आणि त्याचं खापर एकट्या भुलीवर फोडता येत नाही. मशीन, जंतुसंसर्ग, दुखणं, अपुरी झोप, आयसीयूतला चोवीस तासांचा उजेड, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. बहुतेकांना तो काही दिवसांत उतरतो. तुमच्या हातात आहे ते असं: काकूंचा चष्मा आणि कानाचं यंत्र नावाची चिठ्ठी लावून सिस्टरकडे द्या आणि शुद्धीवर आल्याबरोबर लावायला सांगा. भेटायला सोडतील तेव्हा वार सांगा, वेळ सांगा, घरचं बोला. रोज झोपेची गोळी किंवा दारू असेल तर भूलतज्ज्ञाला एकांतात सांगा. ती अचानक बंद झाली की भ्रम हमखास वाढतो, आणि हे फाइलवर लिहायला लोक लाजतात.

प्रश्न: ऑपरेशनच्या सकाळी अर्धा कप चहा चालेल का? आणि मिश्री? (अंबड)

उत्तर: दुधाचा चहा म्हणजे पोटाच्या दृष्टीने खाणंच, सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, अर्थात तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. कोणी लपवून चहा घेतला असेल तर मला सांगावं. मी रागावणार नाही, वेळ पुढे ढकलेन. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मिश्री आजपासून बंद. हिरड्या कुजलेल्या असतील तर तिथले जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर बसतात, म्हणून झडपेच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे जायचंच. हलणारा दात मला दाखवा. साखरेच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. पण कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून तशीच आमच्याकडे आणा. काढे, चूर्णं, भस्मं तीही त्याच पिशवीत.

प्रश्न: आईच्या हातातला चुडा काढायला लावतील का? ती वडिलांच्या आजारपणातसुद्धा रिकाम्या हाताने राहिली नाही. (भगूर)

उत्तर: हो, काढावा लागेल. मनगटातल्या धमनीत मला नळी घालायची असते, आणि ऑपरेशननंतर हाताला सूज येते, तेव्हा काचेची बांगडी रुतते. धातूचं काहीही अंगावर असलं तर कॉटरीने, म्हणजे रक्तस्राव थांबवायच्या विजेच्या उपकरणाने, भाजू शकतं. पण हे काम ऑपरेशनच्या दारात, घाईने, कात्रीने होऊ देऊ नका. आदल्या रात्री घरी, कोमट पाणी आणि साबण लावून, आईच्या बहिणीने किंवा नणंदेने एकेक बांगडी उतरवावी. मंगळसूत्राऐवजी हळकुंडाचा धागा बांधायचा असेल तर तो गळ्यात नको, मानेत माझ्या नळ्या असतात. उजव्या दंडाला बांधा. सकाळी मला दाखवा, म्हणजे रक्तदाबाचा पट्टा मी डाव्या हाताला लावेन.